आत फिरतंय ना?

तिवसा म्हटलं की नागपूर-अमरावती रस्त्यानं जाणाऱ्यांना गुरुकुंज मोझरी आठवते. मला आमच्या विहिरीवरचा पंप आठवतो. पुढं नागपूरच्या एलआयटीत, डी. लक्ष्मीनारायण यांच्या दानातून १९४२ साली उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत शिकलो आणि बावीस वर्षं औषधांचा कच्चा माल करणाऱ्या कारखान्यांत ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे दाबाखाली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या बंद भांड्यापाशी काढली. शिक्षण मात्र त्या विहिरीवरच सुरू झालं होतं. हे कळायलाही बावीस वर्षं लागली.

१. गळणं हा दरवेळी दोष नसतो. आमच्या पंपाच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून पाणी ठिबकायचं. बारावीचं शहाणपण दाखवत मी एकदा पान्यानं नट करकचून आवळले. बाबा धावत आले. "अबे, दोन-चार थेंब गयू दे! नाही तं दोरी जयते." ग्लँडमधली दोरी त्या थेंबांवरच गार राहते. ऑटोक्लेव्हला मात्र ही सवलत नाही. आत पन्नास बारचा हायड्रोजन, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या वीसपटीहून जास्त दाब. तो गळला तर बारीकशी ठिणगी पुरते, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही.

२. न शिवताही फिरवता येतं. घुसळायचा दांडा झाकणातून बाहेर काढला की फट आली, फट आली की ग्लँड आलं. म्हणून दांडा बाहेर काढायचाच नाही. झाकणावर धातूची बंद टोपी असते. तिच्या आत दांड्याला चुंबकं, बाहेर मोटरनं फिरणारं चुंबकांचं कडं. कडं फिरलं की आतला दांडा मागोमाग. दिवाळीत घरी हे मी हातवारे करून सांगितलं. पानाला चुना लावत बाबांनी विचारलं, "मंग आत फिरते हे तुले कसं समजते?" "मीटर असतो, बाबा," मी म्हणालो. सुरात थोडी कीव होती.

३. मीटर बाहेरचे फेरे मोजत होता. एका रात्रपाळीत हायड्रोजनचा दाब उतरायचा थांबला. वायू खपेनासा झाला म्हणजे क्रिया पूर्ण झाली, असं समजून मी बॅचच्या कागदावर ऐटीत सही केली. शेजारी उभे असलेले जुने ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, आवाज बदललाय." नमुना तपासला, तर निम्मा माल तसाच. क्रिया घडवायला टाकलेलं जड निकेल तळाशी बसून दांड्याचा पंखा अडला होता आणि चुंबकांची पकड सुटली होती. बाहेरचं कडं इमानानं फिरत होतं, मीटर इमानानं आकडा दाखवत होता, आत सगळं निवांत होतं. बाबांचा प्रश्न तेव्हा कुठं माझ्यापर्यंत पोचला.

४. सुटलेली पकड जोर वाढवून येत नाही. माझा हात वेग वाढवायला निघालाच होता. काकांनी मनगट धरलं. मोटर पूर्ण थांबवायची, आतलं गार होऊ द्यायचं, मग अगदी सावकाश सुरू करायचं. आत निकेल आणि हायड्रोजन दोघंही वाट पाहत बसलेले असतात. एकदम घुसळलं तर साठलेली क्रिया एकदमच उसळते. हा नियम बायकोच्या अबोल्यालाही लागू पडतो. तिथं मनगट धरणारं कुणी नसल्यामुळे तो मला बऱ्याच उशिरा कळला.

५. ताकद आणि टिकाऊपणा एका ठिकाणी क्वचित भेटतात. निओडिमियमचं चुंबक जबरदस्त ओढतं, पण त्याची साधी जात ऐंशी अंशांपुढं ढिली पडायला लागते. समेरियम-कोबाल्टची ओढ थोडी कमी, पण ते कितीतरी जास्त ताप सोसतं. शिवाय फिरत्या चुंबकांमुळे धातूच्या टोपीत विजेचे भोवरे उठतात आणि ती स्वतःच तापते, म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवावं लागतं. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी पहिल्या जातीचा होतो. पाणी खेळवायची सोयही नव्हती.

६. आकडा ठीक आहे म्हणजे आत ठीक आहे, असं नव्हे. बाबा फोनवर रोज म्हणतात, "सगयं बराबर आहे." पूर्वी तेवढ्यावर मी फोन ठेवायचो. आता रेंगाळतो. संत्र्याला पाणी कोण देतं, विहिरीवर जाणं होतं का, असलं काहीबाही विचारत राहतो. परवा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टोंगये लय दुखतेत बे." गुडघ्यांचा डॉक्टर, गोळ्या, मुंबईला या, असं सगळं जिभेवर आलं होतं. पण पाना खाली ठेवला. दोन-चार थेंब गळू दिले.