लंडन आपल्याला पाठ आहे म्हणे!

2010 साली लंडन सोडून कायमचा परतलो, तेव्हा उरलेले पौंड पाकिटात घालून गोदरेजच्या कपाटात ठेवले. पुन्हा कधी गेलो तर उपयोगी पडतील! ते पाकीट 2023 मध्ये, पुन्हा लंडनला निघालो तेव्हा, बाहेर निघालं. "मामा, ते पैसे आणण्याआधी त्यांचा फोटो पाठव ना," तिथला भाचा फोनवर म्हणाला. मी कसला पाठवतोय. सात वर्षं तिथे काढलेला माणूस!

हाउन्स्लोला बसमध्ये चढलो आणि ड्रायव्हरपुढे नाण्यांचा तळहात धरला. तो काही बोलला नाही, बोटाने पिवळा रीडर दाखवला. लंडनच्या बसमध्ये जुलै 2014 पासून रोख घेतच नाहीत. शिवाय माझी पौंडाची गोल नाणी ऑक्टोबर 2017 मध्ये बाद झालेली. आताचं नाणं बारा कोनांचं. मागे रांग खोळंबलेली. "अहो, उतरा आता," बायको कुजबुजली. उतरलो.

नोटांचं तेच. डार्विनची दहाची 2018 मध्ये गेली, अ‍ॅडम स्मिथची विसाची सप्टेंबर 2022 अखेर. पण अशा नोटा टाकू नका. बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, त्याला मुदत नाही. तिच्या थ्रेडनीडल स्ट्रीटच्या इमारतीत पासपोर्ट घेऊन जा आणि रांगेची तयारी ठेवा.

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार चालू करून घ्या. मला विमानतळावर आठवून काय उपयोग, ओटीपी येणारं सिम रोमिंगविना मुकं! ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आत जाताना जे कार्ड लावाल तेच बाहेर पडताना लावा. आत कार्ड आणि बाहेर फोन असं केलंत, तर खातं एकच असलं तरी दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींचं कमाल भाडं कापतात. बसला मात्र चढतानाच एकदा.

प्रवासासाठीच्या ऑयस्टर कार्डातली शिल्लक बुडत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. माझं मी 2010 मध्ये निघताना, आता काय कामाचं म्हणून, थोडे पौंड शिल्लक असताना कचऱ्यात टाकलं होतं.

राहता राहिली गोल नाणी. बँक ऑफ इंग्लंड नाणी घेत नाही. भाच्याने त्याच्या बँकेत खात्यावर भरली असती, पण फोटो पाठवला नव्हता त्याची आठवण त्याने काढली असती. ती पुन्हा कपाटात आहेत.