लोहाची गोळी आणि दुधाचा पेला

कळमेश्वरच्या माझ्या दवाखान्यात गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या दिवशी जी तक्रार हटकून कानी पडते ती ही, की लोहाची लाल गोळी ‘गरम पडते’. आणि तिच्यामागोमाग सांगितला जाणारा इलाजही ठरलेला असतो, की ती उष्णता शमावी म्हणून गोळी दुधासोबत, नाहीतर कॅल्शिअमच्या पांढऱ्या गोळीसोबत एकाच घोटात घेतली जाते. हा समज मायेपोटी जन्मला आहे हे मी जाणतो. परंतु त्याच्यापायी कित्येकींचे रक्त महिनोन्‌महिने तसूभरही वाढत नाही.

गेल्या पावसाळ्यात धापेवाड्याकडची एक सून सहाव्या महिन्यात तपासणीस आली, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी 8.4 असलेले तिचे हिमोग्लोबिन 8.2 वर उतरले होते. सासूबाईंनी पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढून एकेक करून टेबलावर मांडली. एकही गोळी चुकली नव्हती. “गरम पडते जी, म्हणून रोज पेलाभर दुधासंगं देतो आम्ही,” असे त्या म्हणाल्या. मी औषध बदलले नाही, वेळ बदलली. दोन महिन्यांनी तोच आकडा 10.1 झाला.

लोहाच्या अंगी दाहक रसायन आहे, ही गोष्ट खोटी नव्हे. फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले असता किती प्रखर ऑक्सिडीकरण होते, हे केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी 1894 मध्येच दाखविले; त्यात उत्पन्न होणारा हायड्रॉक्सिल मूलक पेशीपटलापासून जनुकद्रव्यापर्यंत जे जवळ सापडेल त्याला इजा करतो. म्हणूनच शरीर लोहाला मोकळे फिरू देत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन आणि पेशीत फेरिटिन त्याचा बंदोबस्त ठेवतात. या बंदोबस्तात कॅल्शिअमला कसलाही अधिकार नाही. उलट, लोहाचा अतिरेक होऊन पेशीपटल जखमी झाले म्हणजे बाहेरचे कॅल्शिअम आत शिरते आणि पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत साचून तिच्या नाशाला हातभारच लावते. आतड्यात मात्र ते लोहाची वाट अडविते. एका वेळच्या अन्नात 300 मिलिग्रॅम कॅल्शिअम असले तरी लोहाचे शोषण निम्म्यावर येऊ शकते. न शोषलेले हेच लोह आतड्यात राहून मळमळ आणि बद्धकोष्ठ वाढविते. तेव्हा दुधाने उष्णता शमत नाही, औषध तेवढे वाया जाते.

मोबाईलवर फिरणाऱ्या, गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खाण्याच्या उपायाविषयी तर मला स्पष्ट चीड आहे. तोही कॅल्शिअमच, आणि वर तोंड भाजण्याचे भय.

सरकारी तजवीज सरळ आहे: दुसऱ्या तिमाहीपासून 180 दिवस रोज 60 मिलिग्रॅम लोहाची एक गोळी, आणि जेवणासोबत दोन वेळा 500 मिलिग्रॅम कॅल्शिअम, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर. लोहासोबत चहा नको. आपल्याच भागातले संत्रे अथवा लिंबू चालेल, नव्हे हितकर आहे. काळसर शौचाने घाबरू नका. पण शौच डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छाती धडधडत असेल किंवा भोवळ येत असेल, तर त्याच दिवशी या.

पांढुरकेपणा दरवेळी लोहाच्या उणिवेनेच येतो असेही नाही. विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्ये केली, तरीही पांढुरकेपणा दिसला की दुकानातून लोहाची बाटली आणणारे आजही आहेत. सिकलसेलच्या रुग्णात, विशेषतः ज्याला वारंवार रक्त चढविले आहे त्याच्यात, लोहाचा साठा आधीच फाजील असू शकतो. फेरिटिन तपासून खातरजमा केल्यावाचून त्याला लोह देऊ नये.

आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटे लेकरांच्या हाती लागतील अशी ठेवू नका, कारण मूठभर गोळ्यांपुढे लहानग्या शरीराचा सारा बंदोबस्त कोलमडतो. मुलाने त्या गिळल्याचे कळताच दूध पाजत घरी बसू नका. उलटी थांबून ते हसत-खेळत असले तरीही त्याला तडक रुग्णालयात न्या.