घरालाही श्वास हवा : ओल, बुरशी आणि आपली फुफ्फुसे

अन्न आणि पाणी यांच्या शुद्धतेविषयी आपला समाज आता बराच जागरूक झाला आहे. पाणी गाळून, उकळून पिणारी मंडळी घरोघरी आढळतात. परंतु ज्या हवेत आपण दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ घालवतो, त्या घरातील हवेचा विचार क्वचितच होतो. पावसाळ्यात भिंतीवर काळपट ठिपके उमटले, कपाट उघडताच कुबट वास आला, तर आपण त्यास रंगाचा किंवा बांधकामाचा दोष समजतो. वस्तुतः तो आरोग्याचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याची कारणे, परिणाम आणि उपाय यांचा थोडक्यात परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वजांची दृष्टी

मंगोलियातील भटके पशुपालक 'गेर' नावाच्या गोल तंबूत राहतात. लाकडी जाळीवर लोकरीच्या नमद्याचे आच्छादन असलेल्या या घराला छताच्या मध्यभागी एक गोल झरोका असतो. चुलीवरील उष्ण, ओलसर हवा आणि धूर त्यातून वर निघून जातो. उन्हाळ्यात नमद्याची खालची कड उचलून ठेवतात, म्हणजे थंड हवा खालून आत येते. हा तंबू उभारण्याच्या परंपरागत कलेचा समावेश २०१३ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत झाला.

हे वाचताना मराठवाड्यातून येथे स्थायिक झालेल्या वाचकांना माळवदाच्या घरातील 'साणे' नक्कीच आठवेल. जाड मातीच्या छतातील ते छोटेसे भोक उजेड देई आणि धूरही बाहेर टाकी. हैदराबादच्या जुन्या घरांतील छतालगतची रोशनदाने हेच कार्य करीत. तत्त्व एकच : उष्ण हवा हलकी होऊन वर जाते, तिला वरून वाट दिली, तर खालून ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. आजच्या सदनिकांत साणे नाही, रोशनदान नाही आणि खिडक्याही धुळीच्या व डासांच्या भीतीने बंद असतात.

पाणी येते कोठून?

ओल म्हणजे केवळ गळके छत नव्हे. चौघांच्या कुटुंबात श्वास, घाम, स्नान, स्वयंपाक आणि कपडे वाळवणे यांतून दररोज आठ-दहा लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळू शकते. स्वयंपाकाचा गॅस जळतानाही पाणी निर्माण होते. एक किलो गॅसपासून सुमारे दीड किलोहून अधिक, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून जवळजवळ २२ लिटर! ही वाफ बाहेर गेली नाही, तर थंड पृष्ठभागावर जाऊन बसते.

त्याचे गणित सोपे आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धारण करू शकते. २० अंशांना ही क्षमता सुमारे १७ ग्रॅमवर येते. म्हणून स्नानगृहाला लागून असलेली भिंत, भिंतीस चिकटवलेल्या कपाटाची पाठ आणि खोलीचे वारा न लागणारे कोपरे येथे बुरशी प्रथम दिसते. पृष्ठभागाजवळची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली, की बुरशीला चुना, रंग, लाकूड, कागद यांवरील धूळही अन्न म्हणून पुरते.

आपल्या परिसराला पाण्याचे दुसरेही रूप परिचित आहे. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत सरूरनगर तलाव भरून वाहिला आणि दिलसुखनगरलगतच्या अनेक वसाहतींत पाणी शिरले. पाणी ओसरले तरी भिंतींत मुरलेली ओल महिनोन्‌महिने टिकते. भिजलेली गादी, गालिचा किंवा प्लायवूड २४ ते ४८ तासांत कोरडे झाले नाही, तर त्यात बुरशी धरते, हे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे.

शरीरावर परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, श्वासात घरघर, दम्याचे झटके आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हवेत बुरशीचे अमुक इतके कण सुरक्षित, अशी मर्यादा सांगता येत नाही. म्हणून ओलच होऊ न देणे हाच मार्ग, असेही त्यांत नमूद आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक दगावले. घरातील बुरशीचा दीर्घकाळ संपर्क हे त्याचे कारण होते, असा निर्णय २०२२ साली तेथील मृत्युचौकशीत देण्यात आला आणि त्यातून पुढे घरमालक संस्थांवर बंधने घालणारा कायदा झाला.

दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलस या बुरशीची तीव्र ॲलर्जी होऊन श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. त्यांच्या एक्स-रेवरील छाया पाहून क्षयाची औषधे सुरू झाल्याची उदाहरणे आपल्या देशात वारंवार नोंदली गेली आहेत.

दुसरा विकार म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. येथे आपल्या शहराच्या दृष्टीने एअर कूलरचा उल्लेख अटळ आहे. भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांतून १,०८४ रुग्णांची माहिती संकलित करणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांच्या अंतर्गत ऊतींच्या आजारांत सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच विकार होता आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा एअर कूलरशी संपर्क होता. कबुतरांची विष्ठा व पिसे हेही याचे परिचित कारण आहे.

माझ्याकडे आलेल्या एका पन्नाशीतील गृहिणीला आठ महिने कोरडा खोकला होता. जिना चढताना धाप लागे, वजनही घटले होते. उन्हाळ्यात त्रास वाढे, माहेरी गेल्यावर कमी होई. या एका वाक्यातच निदानाची किल्ली होती. त्यांच्या पलंगालगतच्या कूलरमधील गवताच्या जाळ्या तीन उन्हाळे बदललेल्या नव्हत्या. सीटी स्कॅनने शंकेस पुष्टी मिळाली. कूलर बंद करून औषधोपचार केल्यावर खोकला थांबला. मात्र फुफ्फुसांत पडलेले व्रण पूर्ववत झाले नाहीत. त्या आणखी वर्षभर उशिरा आल्या असत्या, तर प्राणवायूचे नळकांडे सोबतीस आले असते.

एक गैरसमजही दूर करणे आवश्यक आहे. २०२१ साली 'काळी बुरशी' या शब्दाने सर्वत्र भीती पसरली होती. म्युकरमायकोसिस हा तो आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर यांच्याशी निगडित होता. भिंतीवरील काळे ठिपके म्हणजे तो आजार नव्हे. भीती नको, दुर्लक्षही नको.

घरोघरी करावयाचे उपाय

१. गळती प्रथम शोधून बंद करावी. ओल्या भिंतीवर रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

२. स्वयंपाक व स्नान यांच्या वेळी आणि नंतर पंधरा-वीस मिनिटे एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा.

३. समोरासमोरच्या खिडक्या दिवसातून दोनदा उघडून आरपार वारा खेळू द्यावा. मात्र धो-धो पावसात बाहेरची हवाच दमट असते. उघडीप पाहून खिडक्या उघडाव्यात.

४. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. ओले कपडे शयनगृहात वाळत घालू नयेत.

५. कूलर लावताना एक खिडकी उघडी असावी, अन्यथा खोलीत केवळ दमटपणा वाढतो. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी, जाळ्या दर हंगामात बदलाव्यात. पावसाळ्यात कूलर वापरू नये.

६. वातानुकूलन यंत्राची जाळी नियमित धुवावी. असे यंत्र बहुधा खोलीतील हवाच पुन्हा फिरवते, ताजी हवा आणत नाही.

७. लहान डाग मुखपट्टी व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसावेत. कोरडे खरवडू नयेत. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कदापि मिसळू नये. दमेकऱ्यांनी हे काम स्वतः करू नये.

८. अल्प किमतीचा आर्द्रतामापक घरात ठेवावा. आकडा ६० टक्क्यांखाली राहील असा प्रयत्न करावा.

व्यवसायबंधूंना विनंती

खोकला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकला, तर थुंकीच्या तपासणीबरोबरच चार प्रश्न अवश्य विचारावेत : घरात ओल किंवा कुबट वास आहे का? कूलर कोणता व कधी स्वच्छ केला? बाल्कनीत कबुतरे येतात का? परगावी गेल्यावर बरे वाटते का? या प्रश्नांना दोन मिनिटे लागतात, खर्च काहीच येत नाही. आणि वेळीच मिळालेल्या उत्तराने एखाद्याची फुफ्फुसे वाचू शकतात.

पुढील पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एकदा आपल्या घराच्या भिंती, कपाटांच्या पाठी आणि कूलरची टाकी यांची तपासणी करावी, एवढीच नम्र विनंती.