बुरुजाचा हिशेब आणि शाळेची सहल
(शास्त्रभाग : लूक १४:२८–३०, याकोब २:१–४)

दिवाळीच्या सुटीत मुलांस मुंबईचे सेंट थॉमस कथीड्रल दाखवावे, असे आपल्या सोलापूर भागातील कित्येक शिक्षकांच्या मनात येत असते. विचार उत्तम आहे. परंतु बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हा प्रभूचा धडा त्या मंदिरास लागू पडतो, आणि सहलीसही पडतो.

प्रथम मंदिराचे पाहू. सन १६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या कारकीर्दीत त्याच्या कामास आरंभ झाला. भिंती सुमारे १५ फूट चढल्या आणि काम थांबले. पुढे जवळजवळ ४० वर्षे त्या भिंती छपरावाचून उभ्या होत्या. शास्त्रभागातील मनुष्यास लोक हसले. येथेही हसण्याजोगेच होते. अखेर १७१५ साली रिचर्ड कॉब नावाच्या पाळकांनी लोकांस जागे करून वर्गणी जमविली, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी मंदिर उपासनेसाठी उघडले. ही हकिकत मुलांस घरीच सांगून ठेवावी. तेथे गेल्यावर त्यांची दृष्टी उंच मनोऱ्याकडेच जाईल व सांगणाऱ्याकडे कोणाचेच लक्ष राहणार नाही.

कथीड्रल हा शब्द आसन या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. ज्या मंदिरात बिशपांचे आसन, ते कथीड्रल. १८३७ साली मुंबईचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा या मंदिरास ते नाव मिळाले, आकारामुळे नव्हे. आपले पत्र्याचे मंदिर पाहून लाजणाऱ्या मुलास हे अवश्य सांगावे.

कंपनीच्या काळी येथे बसण्याच्या जागा हुद्द्याप्रमाणे ठरत. याकोबाच्या पत्रातील भाग येथेच वाचावा. आपल्या वाडवडिलांनी कोठे बसावे हे इतरांनी ठरविलेले होते. त्यामुळे आपल्या मुलांस त्याचा अर्थ फोडून सांगण्याचे काम फारसे पडणार नाही.

आत संगमरवरी स्मारके पुष्कळ आहेत. त्यांत १८११ साली वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे शोधावे. काठेवाडातील बालिकाहत्या थांबविण्यासाठी ते झटले होते. मग एक प्रश्न विचारावा : मराठी लोकांस सुवार्ता सांगण्यास १८१३ साली मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडील एका खेड्यात पटकीने मरण पावले, त्यांची आठवण कोणत्या दगडावर शोधाल? उत्तराची घाई करू नये.

आता सहलीचा हिशेब. येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. पूर्वी एकदा मी मुलांना घेऊन निघालो तेव्हा केवळ रेल्वेचे भाडे धरले. जेवणाखाणाचा व मुक्कामाचा खर्च ध्यानात आला तेव्हा दुसऱ्यांदा पैसे मागावे लागले. दोन मुली आल्या नाहीत. त्यांची आई मजुरीस जात असे. ती मला काही बोलली नाही, ह्याचेच मला अधिक वाईट वाटले. म्हणून सर्व खर्च एकदाच मांडावा, आणि ज्यांना देणे जमत नाही त्यांचा भाग मंडळीने आधी बाजूला काढावा; कोणाचा काढला हे मुलांत कळू देऊ नये.

शाळेच्या सहलीस रेल्वेची सवलत मिळेल काय, हे मुख्याध्यापकांचे पत्र देऊन विचारावे. कथीड्रलच्या पाळकांसही आगाऊ लिहावे, म्हणजे उपासनेच्या वेळी मुलांची झुंबड दारात येणार नाही. सोलापुराहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघाल्यास सकाळी मुंबईस पोहोचता येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकावरून मंदिर पायी गाठता येते. टॅक्सीचे पैसे घालू नयेत. कडक भाकरी व शेंगांची चटणी दोन दिवस टिकते. ती प्रत्येकाने बांधून घ्यावी.