करार आणि प्रतिज्ञा



गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एका आजींनी मला विहाराच्या पायरीवर गाठले. त्यांच्या घराने दीक्षा घेऊन दोनच वर्षे झाली आहेत. त्यांचे माहेर नेवासे तालुक्यातले, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या भावाच्या पुस्तकाचं नावच करार हाय. जुना आन् नवा. देवानं मान्सासंगं केलेला. मंग आपल्या बावीस प्रतिज्ञा कोनासंगं? समोरून सही कोनाची?" मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. म्हणून हा पाठ.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. पुढे गावोगावच्या महार-मांग वस्त्यांतील पुष्कळ माणसे ख्रिस्ती झाली. त्यामुळे एकाच भावकीत एक घर देवळात जाते (आपल्याकडे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात) आणि दुसरे विहारात. १९९० साली कायदा बदलला व बौद्धांना अनुसूचित जातीचा दाखला मिळू लागला, ख्रिस्ती चुलतभावाला मात्र तो मिळत नाही. लग्नाला दोन्हीकडचे जमतात आणि बोलणे धर्मावर जातेच. तेव्हा समोरचा काय मानतो हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. न समजता टवाळी करणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे.

ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेत कराराला 'बरीथ' म्हणतात, आणि त्या भाषेत करार करीत नाहीत, 'कापतात'. याचे कारण उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. अब्राहाम कालवड, शेळी व मेंढा मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडतो. करार करणाऱ्याने त्या तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे 'मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो' असे कबूल करायचे, अशी ती रीत होती. विशेष असे की, त्या कथेत अब्राहाम चालतच नाही. धुराची भट्टी व जळती मशाल तेवढी मधून जाते, म्हणजे देवच स्वतःला बांधून घेतो. आपल्याकडे खंडोबापुढे बेलभंडार उचलतात, त्याचा साचा हाच. वर साक्षीदार देव, खाली शापाची भीती.

पुढे मोशे दास्यातून सुटलेल्या लोकांना सिनाय डोंगराशी आणतो. तेथे अर्धे रक्त वेदीवर व अर्धे लोकांवर शिंपडले जाते आणि सारे लोक आज्ञा पाळू म्हणून एकमुखाने कबुली देतात. प्राचीन हित्ती राजे आपल्या मांडलिकांशी जे तह करीत, त्यांची मांडणीही अशीच होती, हे १९५४ सालापासून विद्वानांनी दाखविले आहे: मी तुझ्यासाठी काय केले, तू काय पाळायचे, साक्षीदार कोण, पाळल्यास आशीर्वाद, मोडल्यास शाप.

हा करार उसाच्या उचलीसारखा नव्हे, हे लक्षात घ्यावे. पाथर्डी-शेवगावचा माणूस मुकादमाकडून उचल घेतो, नवराबायको मिळून एक कोयता, पैसे फिटले की संबंध संपला. बरीथ सोयरिकीच्या जवळचा आहे. 'तुम्ही माझे लोक, मी तुमचा देव' हा त्याचा गाभा. सोयरीक झाली की हिशेब संपत नाही.

याचा पुरावा शोधायला परदेशी जायला नको. कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलत, तेल गाळीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. इतर ज्यूंपासून ते कित्येक पिढ्या तुटलेले होते. तरी मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. सुंता ही अब्राहामाच्या कराराची खूण. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले, आणि तेथेही त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली गेली. ते लढले, आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. ज्यांना पंगतीत वेगळे बसविले गेले आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

मला या परंपरेत सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे आठवण. अनुवादाच्या पुस्तकात विसाव्याच्या दिवसाचे कारण दिले आहे: तुझ्या दासालाही विसावा मिळावा, कारण मिसर देशात तूही दास होतास. वल्हांडणाच्या रात्री घरातले लहान मूल प्रश्न विचारते आणि वडील दास्याची हकीगत सांगतात. आमोस संदेष्टा तर ठणकावतो की, निवडलेले लोक म्हणून तुम्हाला सूट नाही, उलट जाब अधिक. आपण आपल्या मुलांना जोहाराची, येसकरकीची हकीगत सांगतो का? पुष्कळ घरांत लाजेने सांगत नाहीत.

परंतु मला एक अडते. मोशे म्हणतो की, हा करार आज येथे नसलेल्यांशीही आहे, म्हणजे न जन्मलेल्यांशीही. न जन्मलेल्यांना बांधणारी एक व्यवस्था आपण भोगली आहे, महारवतन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले, आणि वतन गेले १९५८ च्या कायद्याने. पणजोबाने कबूल केले म्हणून पणतूने राबायचे, हे आपल्याला कसे पटावे?

ज्यू विचारातच याचे एक उत्तर आले. यिर्मया संदेष्ट्याने सांगितले की, पुढे नवा करार होईल, तो दगडी पाट्यांवर नाही, अंतःकरणावर लिहिलेला असेल. ख्रिस्ती लोक मानतात की, येशूने शेवटच्या भोजनात द्राक्षारसाचा प्याला देताना तोच करार केला. पौलाने मग सुंतेची अट काढली व दार सर्व जातींना उघडले. नगरला आलेल्या मिशनऱ्यांचे पूर्वज प्युरिटन. त्यांच्या मते मंडळी म्हणजे इमारत किंवा बिशप नव्हे. माणसांनी देवाशी व एकमेकांशी करार केला की मंडळी झाली. सेलम गावी १६२९ साली त्यांनी तसा करार केला होता. वस्तीतल्या माणसाला 'एकमेकांशी' हा शब्द केवढा नवा वाटला असेल!

आता आजींचा प्रश्न. पंचशील घेताना आपण शेवटी 'समादियामि' म्हणतो. त्याचा अर्थ, मी स्वतःहून स्वीकारतो. देवाने दिलेली आज्ञा म्हणून नव्हे. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी पुनःपुन्हा सांगितले. त्यामुळे समोरून सही नाही, शापही नाही. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य, मद्य यांनी कोणाला दुःख होते ते डोळ्यांसमोर आहे, म्हणून शील. मुलालाही बापाची दीक्षा वारशाने पुरत नाही, त्याने समजून घेऊन स्वतः म्हणायचे. मात्र साक्षीदार आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आधी स्वतः भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना प्रतिज्ञा दिल्या. ते लाखो एकमेकांचे साक्षीदार होते.

असे मी आजींना समजावले, पण एक गोष्ट लपविणे बरे वाटले नाही. चार वर्षांपूर्वी बांधाच्या वादात भाऊबंदांनी मला बेलभंडार उचलायला सांगितला आणि मी तो उचलला. मी घरातला पहिला पदवीधर, शिक्षक, बावीस प्रतिज्ञा पाठ. पण नाही म्हटले असते तर गावापुढे खोटा ठरलो असतो.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी देवावर इश्वास नव्हता, आन् सोतावरबी नव्हता. त्या दिवशी कागुद न्यायचा व्हता, गुरुजी."

त्या बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. या खेपेला मी मोजणीचा अर्ज दिला आहे.