मुतखड्याची ओळख आणि वर्णपटविज्ञान

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, दिवा-पनवेल लोहमार्गालगत नावडे हे गाव आहे. एके काळी भातशेतीवर जगणाऱ्या या परिसराला आज तळोजे औद्योगिक वसाहतीने वेढले आहे. शेजारीच कळंबोलीचा लोखंड बाजार असून तेथे मालमोटारींची अखंड ये-जा चालू असते. भट्टीच्या धगीत उभा राहणारा कामगार, उन्हात बांधकामावर राबणारा मजूर आणि मैलोगणती वाहन हाकणारा चालक या तिघांच्या दिनक्रमात एक गोष्ट समान असते. अंगातून घाम भरपूर जातो. पोटात पाणी मात्र बेताचेच जाते. अशा वेळी मूत्र दाट होते, त्यात विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने बाहेर पडू लागतात आणि त्यांचाच पुढे मुतखडा बनतो.

मुतखड्याची कळ ज्याने सोसली तो ती जन्मभर विसरत नाही. खडा पडला किंवा शस्त्रक्रियेने काढला की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. मग चारी बाजूंनी सल्ल्यांचा वर्षाव होतो. कोणी टोमॅटो बंद करावयास सांगतो, कोणी पालक, कोणी दूध, तर कोणी पानाला लावावयाचा चुना. खडा मात्र कागदाच्या पुडीत दोन दिवस राहतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविला जातो आणि शेवटी केरात जातो. नेमके येथेच नुकसान होते. कोणते पथ्य पाळावयाचे, हे सांगणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार तो खडाच असतो.

सर्व खडे सारखे नव्हेत

मुतखड्यांचे प्रकार असतात ही जाणीव आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत 'अश्मरी' या नावाने त्याचे चार प्रकार वर्णिलेले असून खड्याचा रंग, आकार व खडबडीतपणा यांवरून ते ओळखावेत असे सांगितले आहे. युरोपात १७७६ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने मूत्राशयातील खड्यात यूरिक आम्ल शोधून काढले. १८१० साली वॉलस्टन यांना एका खड्यात सिस्टीन हा निराळाच पदार्थ आढळला.

आजच्या माहितीनुसार बहुसंख्य खडे कॅल्शियमयुक्त असतात आणि त्यांतही कॅल्शियम ऑक्झॅलेटचे प्रमाण सर्वाधिक असते. त्याखेरीज कॅल्शियम फॉस्फेटचे, यूरिक आम्लाचे, मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे आणि क्वचित सिस्टीनचे खडे आढळतात. अनेक खडे मिश्र असतात. गाभा एका पदार्थाचा आणि त्यावरील थर दुसऱ्याचे, असेही घडते. डोळ्यांनी पाहून हा भेद खात्रीने सांगता येत नाही. जुन्या रासायनिक कसोट्यांनी खड्यात कॅल्शियम आहे, फॉस्फेट आहे, एवढे कळते. परंतु ते घटक कोणत्या संयुगात व किती प्रमाणात आहेत, हे नीट उलगडत नाही. शिवाय कसोटीसाठी वापरलेली भुकटी नष्ट होते.

वर्णपट म्हणजे काय?

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडून प्रत्येक रंगाच्या पट्ट्यात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हाच अवरक्त प्रकाश होय.

कोणत्याही पदार्थाचे रेणू स्वस्थ बसलेले नसतात. अणूंना जोडणारे बंध ताणले जातात, वाकतात, पुन्हा पूर्ववत होतात. प्रत्येक बंधाच्या कंपनाची गती ठरलेली असते. पदार्थावर अवरक्त प्रकाश सोडला असता, ज्या किरणांची कंपनसंख्या या कंपनांशी जुळते तेवढेच किरण शोषले जातात, उरलेले पार जातात. कोणते किरण किती शोषले गेले याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट. दोन माणसांच्या अंगठ्याचे ठसे जुळत नाहीत, तसेच दोन भिन्न संयुगांचे वर्णपटही जुळत नाहीत.

प्रयोगशाळेत खडा प्रथम धुऊन वाळविला जातो. तो मोठा असल्यास छेद घेऊन गाभा व बाहेरील थर यांचे नमुने वेगळे काढतात. एक-दोन मिलिग्रॅम भुकटी सुमारे दोनशे मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून, मोठ्या दाबाखाली तिची पारदर्शक चकती बनविली जाते. पोटॅशियम ब्रोमाइड निवडण्याचे कारण असे की, ते स्वतः या कक्षेतील किरण शोषीत नाही. काही नव्या उपकरणांत चकतीचीही गरज नसते. भुकटी हिऱ्याच्या लहानशा स्फटिकावर दाबली की काम भागते. मिळालेला आलेख संगणक ज्ञात वर्णपटांच्या संग्रहाशी ताडून पाहतो आणि खड्यातील घटक व त्यांचे अंदाजे प्रमाण सांगतो. या उपकरणास 'एफटीआयआर' म्हणतात. त्यातील 'एफ' हे अक्षर फ्रेंच गणिती फूरिये यांच्या नावाचे आहे.

रामन परिणामाचा उपयोग

दुसरी पद्धत तर भारतभूमीतच जन्मलेली आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाच्या अल्प भागाचा रंग किंचित बदलतो, हे सिद्ध केले. या शोधास १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रंगातील हा सूक्ष्म फरक रेणूंच्या कंपनांमुळेच पडतो. त्यामुळे खड्यावर लेसर किरण टाकून त्याची भुकटी न करताही ओळख पटविता येते. कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूशी पाण्याचा एक रेणू निगडित असेल तर वर्णपटात १४६३ व १४९० या तरंगसंख्यांच्या आसपास दोन रेषा उमटतात. पाण्याचे दोन रेणू असतील, तर त्या जागी १४७५ च्या सुमारास एकच ठळक रेषा दिसते. पहिल्या प्रकारचा संबंध बहुधा मूत्रातील अधिक ऑक्झॅलेटशी, तर दुसऱ्याचा अधिक कॅल्शियमशी असतो. पहिला खडा आघातलहरींनी सहजासहजी फुटतही नाही. एका रेषेचा हा फरक उपचाराची दिशा बदलू शकतो.

अशा तंत्राचा वैद्यकीय अभ्यास नावड्याच्या शेजारीही झाला आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत मुखाच्या कर्करोगाचे निदान करण्यासाठी रामन वर्णपटविज्ञानावर संशोधन करण्यात आले आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत बाहेरच्या संशोधकांनाही प्रगत विश्लेषण उपकरणे उपलब्ध करून देणारे केंद्र आहे. मुतखड्याची नेहमीची अवरक्त तपासणी मात्र रोगनिदान प्रयोगशाळांमार्फत होते.

निष्कर्षाचा लाभ

खडा यूरिक आम्लाचा निघाला तर मूत्राची आम्लता औषधाने कमी करून तो पुष्कळदा विरघळविता येतो, शस्त्रक्रिया टळते. मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा खडा हा जंतुसंसर्गाचा पुरावा असतो. संसर्ग तसाच राहिला तर पथ्य पाळूनही खडा पुन्हा होतो आणि मूत्रपिंडास धोका पोहोचतो. सिस्टीनचा खडा आनुवंशिक दोषाचा असतो, म्हणून रुग्णाच्या भावंडांचीही तपासणी करावी लागते.

कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या बाबतीत एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. खड्यात कॅल्शियम आहे, म्हणून दूध बंद करावे, असे अनेकांना वाटते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात, मूत्रातून अधिक कॅल्शियम जाणाऱ्या व वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन समान गट पाच वर्षे पाहण्यात आले. कमी कॅल्शियम घेणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतके कॅल्शियम घेऊन मीठ व मांसाहार कमी करणाऱ्या ६० जणांपैकी १२ जणांनाच झाला. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि ते मूत्रात उतरू देत नाही, हे याचे एक कारण होय. ज्याने वर्षानुवर्षे दूध सोडले, त्याची हाडे दुबळी झाली आणि खडा मात्र चुकला नाही, असे घडू शकते.

आपण काय करावे?

खडा पडण्याची शक्यता असेल तेव्हा लघवी स्वच्छ पातळ फडक्यातून गाळावी. मिळालेला खडा पाण्याने धुऊन, वाळवून, कोरड्या बाटलीत ठेवावा. त्यास चिकटपट्टी लावू नये. तिच्यातील डिंक तपासणीत घोटाळा करतो. बाटलीवर नाव व दिनांक लिहून ती डॉक्टरांकडे द्यावी. शस्त्रक्रिया होणार असल्यास खडा तपासणीसाठी ठेवण्याची विनंती आधीच करावी. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी संबंधित रुग्णालयात करता येईल.

खडा कोणताही असो, एक उपाय सर्वांना समान आहे. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. येथे आपणा सर्वांचे कर्तव्य सुरू होते. ग्रामपंचायत सदस्यांनी रोजगार हमीच्या कामावर सावलीत पाण्याची सोय आहे ना, हे पाहावे. कारखान्यात पिण्याचे पाणी पुरविणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, याकडे अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे. शिक्षकांनी वर्गात पाणी पिण्याची मुभा द्यावी आणि लघवीस जाऊ मागणाऱ्या मुलास अडवू नये. शौचालय अस्वच्छ असेल तर मुली पाणीच पीत नाहीत, हेही ध्यानी असावे.

खडा एकदा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो. पुढची कळ टाळण्याची किल्ली पहिल्या खड्यात असते. म्हणून तो केरात न टाकता प्रयोगशाळेत पोहोचविणे, हेच शहाणपणाचे ठरेल.