एकच कॅमेरा, निरनिराळ्या किमती

दिल्लीच्या चांदणी चौकातील कूचा चौधरी ही गल्ली कॅमेऱ्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. मात्र तेथील कॅमेरा टोकियो किंवा हाँगकाँगमधील किमतीलाच मिळेल असे नाही. ‘एक वस्तू, एक किंमत’ हा अर्थशास्त्रातील नियम कर, वाहतूक खर्च व व्यापारातील अडथळे नसतील तरच लागू पडतो. प्रत्यक्षात किमतीतील तफावतीची प्रमुख कारणे तीन आहेत.

पहिले कारण अप्रत्यक्ष करांचे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या डिसेंबर 2018 मधील निर्णयाने डिजिटल कॅमेऱ्यावरील कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जपानमध्ये उपभोग कर 10 टक्के आहे, तर हाँगकाँगमध्ये असा कर नाही. करपूर्व मूल्य 50,000 रुपये धरल्यास ग्राहकाला अनुक्रमे 59,000, 55,000 व 50,000 रुपये मोजावे लागतील. भारतातील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर समाविष्ट असतात; अमेरिकेत विक्रीकर सहसा वेगळा आकारला जातो. म्हणून तुलना करपूर्व किमतींचीच करावी.

दुसरे कारण सीमाशुल्क व वस्तूंचे वर्गीकरण. मार्च 2012 मध्ये दिल्लीत आयात झालेल्या कॅमेऱ्यांवरून ‘कॅनन इंडिया’ खटला उद्भवला. किमान 30 मिनिटे सलग चलचित्रण करू शकणारे ठरावीक क्षमतेचे कॅमेरे तेव्हा शुल्कसवलतीतून वगळलेले होते. महसूल गुप्तवार्ता संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना शुल्कवसुलीची नोटीस काढण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. नोव्हेंबर 2024 मध्ये पुनर्विलोकनात तो अधिकार मान्य केला. केवळ वर्गीकरणामुळे करभार किती बदलू शकतो, हे यातून दिसते.

तिसरे कारण विनिमय दर व बाजारांची विभागणी. येन वा डॉलर महागला की आयातखर्च वाढतो. शिवाय उत्पादक प्रत्येक देशातील मागणी, स्पर्धा व विक्रीपश्चात सेवेचा खर्च पाहून किंमत ठरवतात. या फरकातून समांतर आयात जन्म घेते, म्हणजेच अधिकृत वितरकाला वगळून अस्सल माल आणला जातो. सॅमसंगच्या प्रिंटरसंबंधी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 मध्ये अशा आयातीस मुभा दिली. मात्र मालाला कंपनीची हमी नाही, हे दुकानात ठळकपणे जाहीर करण्याची अट घातली. स्वस्त किमतीत हमीचे मूल्य वजा झालेले असते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

या तफावतीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. करनोंदणी असलेला व्यावसायिक छायाचित्रकार भरलेल्या कराची वजावट घेऊ शकतो. नोंदणी नसलेल्या होतकरू छायाचित्रकाराला तो कर स्वतःच सोसावा लागतो. कॅमेरा हे ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे, त्याच्यासाठी करदराचा प्रश्न चैनीचा नव्हे, रोजगाराचा ठरतो.